केसांच्या डबीत वंश मावत नाही

१/
नंदुरबारच्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजांची ओळख करून देणारे परिच्छेद आजही बहुधा एकाच क्रमाने येतात. आधी वर्ण, मग नाक, मग केस. जमीन, जंगल आणि बोली यांची पाळी त्यानंतर. माणसाच्या ओळखीची सुरुवात रंगापासून करण्याची ही सवय निरागस नाही. तिला इतिहास आहे आणि त्या इतिहासात एक पत्र्याची डबी आहे.

२/
डबी जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशरची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने तयार केलेल्या या मापनसाधनात कृत्रिम केसांचे ३० झुपके होते आणि प्रत्येकाला क्रमांक होता. झुपका समोरच्या माणसाच्या केसांशी ताडून पाहायचा आणि जुळेल तो क्रमांक वहीत लिहायचा. त्वचेसाठी फेलिक्स फॉन लुशानने ३६ रंगीत काचतुकड्यांची अशीच पट्टी केली होती.

३/
१९०८ मध्ये फिशर ‘जर्मन नैर्ऋत्य आफ्रिका’ या वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात गेला. हेरेरो आणि नामा लोकांचा जर्मन सैन्याने केलेला संहार तेव्हा नुकताच सरत होता. रेहोबोथ येथील मिश्रवंशीय कुटुंबांचे केस, डोळे, त्वचा त्याने मोजली. १९१३ च्या ग्रंथात वंशमिश्रण घातक असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच्या कीर्तीचा पाया हाच ग्रंथ.

४/
‘मापन तटस्थ असते, दोष वापरणाऱ्याचा,’ हा बचाव येथे टिकत नाही. केसांचा आणि त्वचेचा रंग सलग बदलत जातो. त्यात ३० किंवा ३६ कप्पे पाडतो तो तक्ता. काचपट्टीवर दोन निरीक्षक एकाच हाताला दोन क्रमांक देत. १९५० च्या दशकापासून परावर्तित प्रकाश मोजणारी यंत्रे आली आणि ही पट्टी मागे पडली. मापन अचूक झाले तसे कप्पे विरघळले. त्वचेचा रंग प्रामुख्याने सूर्याच्या अतिनील किरणांच्या प्रमाणानुसार हळूहळू पालटतो. त्यात वंशाची सीमारेषा सापडत नाही.

५/
फिशर हा कोपऱ्यातला माथेफिरू नव्हता. १९२७ मध्ये तो बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचा संचालक झाला, १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधील शेकडो मिश्रवंशीय मुलांची सक्तीने नसबंदी झाली. त्या मुलांची वांशिक तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांत तो होता.

६/
याच संस्थेत १९२८ मध्ये पुण्याहून इरावती कर्वे आल्या. विषय होता कवटीची असममिती. युरोपीयांच्या कवटीची ठेवण त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाची खूण ठरावी, ही फिशरची अपेक्षा. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या. असममितीचा वंशाशी संबंध आढळला नाही आणि त्यांनी तसेच लिहिले.

७/
लोकप्रिय कथा येथेच टाळ्या घेऊन थांबते: मराठी विद्यार्थिनीने नाझी प्राध्यापकाला उत्तर दिले. ही कथा दोन ठिकाणी लंगडी आहे. फिशर नाझी पक्षात आला १९४० मध्ये. कर्वे बर्लिनमध्ये होत्या तेव्हा जर्मनी प्रजासत्ताक होता आणि वंशशास्त्र ही प्रतिष्ठित विद्यापीठीय विद्या होती. सारे खापर नाझींच्या माथी फोडले की ती विद्या मोकळी सुटते.

८/
दुसरे, कर्वे यांनी मोजमाप सोडले नाही. १९५१ मध्ये वि. म. दांडेकरांसह त्यांनी महाराष्ट्रातील मानवमितीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रश्न मात्र बदलला होता. कैलाश मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची तुलना मांडली. समान दर्जाच्या या गटांतही जैविक फरक आढळले. नाव एक म्हणजे रक्त एक, हे गृहीतक त्यामुळे डळमळले.

९/
आणि नंदुरबार? हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडे. पश्चिम खानदेशातील भिल्लांवर कर्वे यांचा ग्रंथ १९६१ मध्ये आला. त्याच्या उपशीर्षकात वंश नाही, वर्ण नाही. तेथे शब्द आहेत ‘सामाजिक आणि आर्थिक पाहणी’.

१०/
बर्लिनमधील धैर्याइतकेच हे उपशीर्षकही लक्षात ठेवण्याजोगे आहे. कवटी मोजण्यात तरबेज असलेल्या विदुषीला भिल्लांविषयी लिहिताना समाज आणि अर्थव्यवहार हे शब्द महत्त्वाचे वाटले. साठ वर्षांनंतरही परिच्छेद त्वचेच्या रंगाने सुरू करणाऱ्यांनी ते उपशीर्षकसुद्धा वाचलेले दिसत नाही.

११/
२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्या घरांतील मुले हीच पुस्तके वाचून परीक्षा देतात. आपल्या समाजाची ओळख म्हणून त्यांना फिशरच्या डबीतला क्रमांक वाचावा लागू नये. ते पहिले वाक्य पुढच्या आवृत्तीत खोडले गेले पाहिजे.