अभिरुचीचे वय

‘आजकालच्या गाण्यांत काही राम राहिला नाही’ हे वाक्य प्रत्येक पिढी चाळिशीनंतर उच्चारते, आणि ते आपणच प्रथम उच्चारीत आहोत अशी तिची समजूत असते. जळगावात मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरावयास येणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांतही ते ऐकू येते. लग्नसराईत वरातीपुढे ध्वनिक्षेपकांच्या भिंती दणाणू लागल्या म्हणजे त्याला अधिकच जोर चढतो. आवाजाविरुद्धची तक्रार रास्त आहे. परंतु आवाजाची तक्रार म्हणजे गाण्याची तक्रार नव्हे, आणि या दोहोंची गल्लत झाली की पुढचा विचारच खुंटतो.

संगीताची आवड वयाबरोबर बदलते की कोठेतरी थांबते, याचा शोध मॉरिस हॉलब्रुक व रॉबर्ट शिंडलर या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ साली घेतला. निरनिराळ्या वयाच्या श्रोत्यांना निरनिराळ्या काळांतील लोकप्रिय गाणी त्यांनी ऐकविली. आपण सुमारे साडेतेवीस वर्षांचे असताना जी गाणी गाजत होती, त्यांकडे श्रोत्यांचा ओढा सर्वाधिक असल्याचे त्यांना आढळले. अभ्यास लहान होता व परदेशातला होता. तरीही तो आपल्या अनुभवाशी जुळतो. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’वर ज्यांचे तारुण्य पोसले, त्यांना त्या काळची गाणी आजही श्रेष्ठ वाटतात. त्या गाण्यांत त्यांची पहिली नोकरी, पहिली मैत्री आणि पहिले प्रेम साठविलेले असते. ‘सुवर्णयुग’ हे पुष्कळदा संगीताचे नसून ऐकणाऱ्याच्या वयाचे असते.

जे आज जुने व सोज्ज्वळ म्हणून गौरविले जाते, तेही एके काळी नवेच होते. नारायण राजहंस यांनी, म्हणजेच बालगंधर्वांनी, बालपणी जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले. पुढे १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आले, तेव्हा साकी-दिंडीच्या चालींवर पोसलेल्या कानांना गोविंदराव टेंबे यांच्या चाली नवलाच्याच होत्या. आज त्याच बालगंधर्वांच्या नावाने जळगावात संगीत महोत्सव भरतो.

अभिरुची हुकमानेही वळत नाही. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बा. वि. केसकर यांना शास्त्रीय संगीत घरोघर पोहोचावे असे मनापासून वाटत होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी रागदारीकडे वळण्याऐवजी रेडिओची सुई सिलोनकडे वळविली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. हेतू शुद्ध होता. पण कानावर सक्ती चालत नाही.

मग काळजीचे कारण काय? तरुणांना नवी गाणी आवडतात, हे खचितच नव्हे. अहिराणी गाणी आज मोबाइलवरून खानदेशाबाहेरही जाऊन पोहोचली आहेत, ही आनंदाचीच गोष्ट होय. खरी काळजी वेगळी आहे. बालपणी व तारुण्यात कानी पडलेले संगीतच जर उतारवयात सोबत करणार असेल, तर जे त्या वयात कानी पडलेच नाही त्याची ओढ पुढे लागावी कशी? भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईपुढे टिपऱ्यांच्या तालावर मुली गाणी म्हणत आणि झाकलेला खाऊ ओळखण्याची चढाओढ लावीत. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाईची गाणी थोरल्या बायकांच्या तोंडून धाकट्यांच्या तोंडी जात. या गाण्यांना वेगळी शाळा नव्हती. तीन पिढ्यांचे एकत्र बसणे हीच त्यांची शाळा होती. लता मंगेशकर यांचे आजोळ धुळे जिल्ह्यातील थाळनेर. तेथील आजीकडून त्या लहानपणी गरबे शिकल्या. आता एकाच घरात आजी दूरदर्शन संचापुढे आणि नात कानांत यंत्र घालून बसते. तेथे दोघींच्या आवडी भिन्न आहेत हे दुःख नाही. त्या एकमेकींच्या कानावरच पडत नाहीत, हे दुःख आहे.

वयाने कान आखडतात हेही पूर्ण सत्य नव्हे. नवे गाणे पहिल्या श्रवणात परके वाटते. चार वेळा, आणि विशेषतः आवडत्या माणसाच्या संगतीत ऐकले म्हणजे त्यातील गोडी उमगू लागते. साठीनंतर ही सवड तरी अधिक असते. म्हणून ज्येष्ठांनी नाक मुरडण्यापूर्वी नातवंडांना ‘तुझे आवडते गाणे मला ऐकव’ असे म्हणावे. ज्याचे ऐकून घेतले जाते, तोच पुढे दुसऱ्याचे ऐकावयास तयार होतो.

हे घरांवर सोपवून भागणार नाही. मेहरूण व परिसरातील शाळांनी भुलाबाईच्या महिन्यात आठवड्यातील एक तास गावातील वृद्ध स्त्रियांना द्यावा; त्यांनी गावे, मुलींनी म्हणावे. जळगाव आकाशवाणीने ती गाणी त्यांच्याच आवाजात मुद्रित करावीत. यास मोठा खर्च नाही. ज्यांना ही गाणी पाठ आहेत त्यांची वये पाहता, हे काम मात्र पुढच्या वर्षावर टाकण्याजोगे नाही.