जुलाब थांबले नाहीत, तरी ओआरएस थांबवू नये

पावसाळा सुरू झाला की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक तक्रार रोज ऐकू येते. 'कालपासून ओआरएस देतोय, पण जुलाब काही थांबत नाहीत. दुसरे काहीतरी औषध लिहून द्या.' पालकांची काळजी खरी असते. अपेक्षा मात्र चुकीची असते. ओआरएस हे जुलाब थांबवण्याचे औषध नाहीच. जुलाब आणि उलट्यांवाटे शरीराबाहेर गेलेले पाणी व क्षार भरून काढणे, हे त्याचे काम. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि साधारण आठवडाभरात आपोआप थांबतात. तोवर मुलाच्या अंगातले पाणी टिकवणे, हीच खरी लढाई. जुलाबांनी मूल दगावते, त्यामागे बहुतेक वेळा शरीर कोरडे पडणे हेच कारण असते.

या साध्या मिश्रणामागचे विज्ञान समजून घेण्यासारखे आहे. आतड्याच्या अस्तरातले एक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुतांशी शाबूत राहते. म्हणूनच नुसते पाणी किंवा नुसते ग्लुकोजचे पाणी पुरत नाही. साखर जास्त झाली, तर ती उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.

या उपायाची ताकद १९७१ मध्ये दिसली. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. प्रशिक्षित परिचारिका नसतानाही घरचे माणूस जीव वाचवू शकते, हे त्या छावणीने दाखवून दिले. २०२३ मध्ये महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांनाच ओआरएस मिळाल्याचे दिसले. झिंक मिळाले ते जेमतेम ३० टक्के मुलांना.

ज्यांना ओआरएस मिळते, त्यांनाही ते नेहमी बरोबर मिळते असे नाही. सर्वांत मोठी चूक प्रमाणाची. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते थोडे थोडे पेल्यात टाकून 'अंदाजाने' ढवळले, तर द्रावण दाट होते आणि मुलाच्या अंगात मीठ वाढण्याचा धोका असतो. पाणी जास्त झाले, तर उपयोग कमी होतो. पाकिटावर लिहिलेले प्रमाण वाचावे, उकळून गार केलेले पाणी मोजून घ्यावे आणि पूर्ण पाकीट एकदम विरघळवावे. त्यात साखर, दूध किंवा सरबत मिसळू नये. झाकून ठेवलेले द्रावण चोवीस तासांत वापरावे. उरले तर फेकून द्यावे.

दुसरी चूक खरेदीतली. औषधांच्या दुकानात ओआरएसच्या शेजारी मांडलेली गोड पेये ही ओआरएस नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. अशा पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट असू शकते. या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरू नये, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. आदेश निघाला, तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे की नाही, हे पालकांनी पाहायलाच हवे.

तिसरी चूक घाईची. तहानलेले मूल घटाघटा पिते, उलटी करते आणि 'त्याला ओआरएस पचत नाही' असा निष्कर्ष निघतो. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. याला वेळ आणि चिकाटी लागते. घरातल्यांनी पाळी लावून हे काम वाटून घ्यावे.

सोबत झिंक हवे. सहा महिन्यांपुढील मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले, तरी झिंकचे दिवस पूर्ण करावेत. आईचे दूध एक वेळही बंद करू नये. वरचे अन्न खाणाऱ्या मुलाला मऊ भात-वरण, खिचडी, दही, केळे द्यावे. 'पोटाला आराम' म्हणून उपाशी ठेवलेले मूल आणखी खंगते. जुलाब बांधणारी मोठ्यांची औषधे लहान मुलांना देऊ नयेत. अँटिबायोटिकही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको.

मात्र काही वेळा घरी थांबणे धोक्याचे असते. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, सहा-आठ तास लघवी झाली नाही, पोटाची चिमटीत धरलेली त्वचा सावकाश मागे जाते, शौचात रक्त दिसते किंवा घोटभरही पोटात टिकत नाही, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांखालील बाळाच्या बाबतीत या खुणांची वाटही पाहू नये. आणि बाळाला सहा, दहा व चौदा आठवड्यांनी रोटाव्हायरसची लस जरूर द्यावी. सरकारी केंद्रांत ती मोफत मिळते.

हे सगळे पालकांना कोणी सांगायचे? आशा सेविका घरोघरी पाकिटे पोहोचवतात. पाकिटाबरोबर एक लिटर पाणी मोजूनही दाखवायला हवे. गर्दीच्या दवाखान्यात औषधांची यादी लिहिणे सोपे आणि दोन मिनिटे बोलणे अवघड असते, हे खरे. पण 'जुलाब लगेच थांबणार नाहीत, घाबरू नका, हे देत राहा' हे वाक्य डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले, तर दुसऱ्या दिवशी ओआरएस बंद होणार नाही. पालकांचा विश्वास बहुतेकदा तिथेच ढळतो.