गोल भोकाचा घोळ
दिवाळीच्या तोंडावर १५ किलो तेलाचा डबा घरी येतो आणि पहिली झटापट होते ती त्याच्या प्लॅस्टिकच्या तोटीशी. झाकण पिळावं, तर त्याच्याबरोबर अख्खी तोटीच गरगर फिरते. फडक्यानं धरा, सांडशीनं धरा, बया हाती लागत नाही. आपण प्लॅस्टिकला शिव्या घालतो, पण खरी गोम पत्र्यात असते. पत्र्याचं भोक गोल, त्यात दाबून बसवलेली तोटीही गोल. तिला थोपवायला उरतं फक्त घर्षण, आणि तेलाचा एक ओघळ उतरला की तेही गेलं. इलाज साधा आहे. भोकाची दुमडलेली कड गुळगुळीत न ठेवता तिला दाते किंवा खाचा द्यायच्या, म्हणजे तोटीचं बूड त्यांत अडकून बसतं. भोक पाडणाऱ्या साच्यातच तो आकार कोरला की दर डब्यामागे वेगळी मेहनत नाही. मात्र दाते फार खोल झाले तर दुमडताना पत्रा तडकतो, कडेनं तेल पाझरतं. इथे कारागिराचा खरा कस. आमच्याकडे तूर्तास एक जण सुरीनं तोटीची कड दाबून धरतो, दुसरा झाकण पिळतो.