हातोडी-पाना : मोटारसायकलला अलार्म बसवताना



आपल्यापैकी बरेच जण रात्रपाळीला जातात. इंग्लंडातल्या लहान गावांत शेवटची बस निघून गेल्यावर कामावर पोहोचायला १२५ सीसीची मोटारसायकल हाच आधार असतो. ती चोरीला गेली तर गाडीबरोबर पाळीही बुडते. विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर चोरीबद्दल एक पेनीही हाती येत नाही. म्हणून या अंकात बाजारातून वेगळा आणून बसवायच्या अलार्मविषयी लिहीत आहोत.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८ पासून प्रत्येक नव्या मोटारीला इमोबिलायझर सक्तीचा झाला. मोटारसायकलींना तो नियम लागला नाही. काही गाड्यांत तो कंपनीच बसवून देते, पण स्वस्त गाड्यांत बहुधा हँडल-लॉकवरच भागवावे लागते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. अलार्म ओरडतो, धरून ठेवत नाही. दोन-तीन माणसे मोटारसायकल उचलून व्हॅनमध्ये घालतात आणि मिनिटाच्या आत निघून जातात. म्हणून पहिला खर्च जाड साखळीवर आणि काँक्रीटमध्ये रोवलेल्या कडीवर करावा. साखळी घेताना तिच्यावर ‘सोल्ड सिक्युअर’ची श्रेणी पाहावी. अलार्मचा नंबर त्यानंतर. अलार्मवर ‘थॅचम कॅटेगरी १’ लिहिलेले असेल तर त्यात सायरन आणि इमोबिलायझर दोन्ही असतात. विमा कंपनीला त्याबद्दल सवलत मागायची असेल तर आधी फोन करून विचारावे, कारण मान्यताप्राप्त माणसाने बसवल्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते.

घरी बसवायचाच असेल तर गाडीचा वायरिंगचा नकाशा समोर ठेवा. बॅटरीची ऋण तार आधी सोडवा आणि काम झाल्यावर ती सर्वांत शेवटी जोडा. साधारणपणे चार प्रकारच्या जोडण्या असतात: बॅटरीची कायमची धन तार, ऋण तार, चावी फिरवल्यावर जिवंत होणारी तार आणि दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरच्या तारा. धन तारेवर फ्यूज हवाच आणि तोही बॅटरीच्या शक्य तितका जवळ. फ्यूजच्या अलीकडे तार घासून उघडी पडली तर तिला वाचवणारे काही उरत नाही.

सायरन सीटखाली, एक्झॉस्टपासून दूर आणि तोंड खाली करून बसवावा, म्हणजे पाणी साठत नाही. तारेवर चिमट्यासारखी दाबायची झटपट कनेक्टर वापरू नयेत. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ त्यांत शिरते आणि तांबे हिरवे पडते. डाख देणार असाल तर राळेचा फ्लक्स घ्या. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स मागे राहतो आणि तार आतून खात राहतो. डाखावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि तार जवळच बांधून टाका, नाहीतर थरथरीने ती डाखाच्या कडेलाच तुटते.

इमोबिलायझरची जोडणी इंजिनाच्याच वाटेत असते. तो सांधा सैल झाला तर चालत्या गाडीचे इंजिन बंद पडेल, आणि मागून लॉरी येत असेल तर काय होईल ते सांगायला नको. ज्यांचा हात या कामात बसलेला नाही त्यांनी एवढा भाग जाणकाराकडूनच करून घ्यावा. इथे पैसे वाचवू नयेत.

आता आमच्या रसायनशास्त्राकडे वळू, कारण घोडे पेंड खाते ते इथेच. अलार्म गाडी उभी असतानाही वीज पितो. लहान गाडीची बॅटरी ६ अँपिअर-तासांची धरू. अलार्मने ५ मिलिअँपिअर घेतले तर दिवसाला ०.१२ अँपिअर-तास जातात, म्हणजे निम्मी बॅटरी २५ दिवसांत रिकामी होते. तोच २० मिलिअँपिअर घेत असेल तर हे काम जेमतेम ६ दिवसांत उरकते! शिशाची बॅटरी उतरते तेव्हा तिच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते. लगेच चार्ज केली तर ते पुन्हा विरघळते. आठवडे तशीच ठेवली तर त्याचे मोठे, टणक स्फटिक बनतात आणि मग चार्जरचेही काही चालत नाही. शिवाय उतरलेल्या बॅटरीतले आम्ल पातळ होते आणि कडाक्याच्या थंडीत ते गोठूही शकते.

म्हणून खोक्यावर सायरनचे डेसिबल पाहण्याआधी उभ्या गाडीत किती मिलिअँपिअर लागतात ते पाहा. बसवून झाल्यावर स्वतः मोजा. चावी बंद ठेवून मल्टिमीटर १० अँपिअरवर लावा, ऋण तार आणि बॅटरी यांच्यामध्ये जोडा आणि अलार्म स्थिरावेपर्यंत थांबा. मीटर मध्ये असताना स्टार्टर मात्र दाबू नका. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर आठवड्याला व्होल्टेज पाहा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ ला चार्जर लावावा, १२.० म्हणजे जवळपास रिकामी.

शेवटी शेजाऱ्यांचे. धक्क्याचा सेन्सर नको तितका हळवा ठेवला तर वाऱ्यानेही सायरन वाजतो. मग ‘लांडगा आला रे आला’ची गत होते आणि खरा चोर आला तेव्हा कोणी पडदासुद्धा सरकवत नाही. रस्त्यावरच्या वाहनाचा आवाज १९९३ च्या कायद्याने उपद्रवांत धरला गेला आहे, तेव्हा कौन्सिलचे पत्र येण्याआधीच सेन्सर खाली आणावा. बसवल्यावर पहिले दोन-तीन दिवस तो मंद ठेवून पाहणे उत्तम.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर नाही त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला गाडी घेऊन यावे. आमचा मीटर पिशवीत असेल. चहाची रांग संपेपर्यंत मोजून होईल.