पेट्या वाटल्या, माश्या गेल्या



अनुदानाची पेटी आली, फोटो निघाला, पावसाळ्यात पेटी रिकामी. वर साहेबच म्हणतात, 'शेतकऱ्याला जमत नाही.' जमावे कसे? सातेरी माशी ऐन आषाढात हाती दिली! कोरडवाहू रानात तेव्हा फुलोरा कुठला?

आम्ही मधपाळ मंडळ काढले ते म्हणूनच. बाजाराच्या दिवशी एकेकाची पेटी सगळे मिळून उघडतो. पावसाळ्यात साखरेचा पाक द्यायचा, तोही संध्याकाळी, थेंब न सांडता. नाहीतर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. (उसाचा मुलूख, अन् माशीला साखर महाग!) तळपाट आठवड्याला खरवडायचा, मेणकिडा तिथेच वाढतो. उन्हाळ्यात सावली, पाणी, ओले गोणपाट.

एवढे करून शेजारचा पंप माश्या मारतो. कपाशीचे फूल सकाळी उमलते, माशी तेव्हाच येते, आणि आपण फवारतोही तेव्हाच. फवारायचेच तर माशी घरी परतल्यावर, संध्याकाळी फवारा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना माणसे मेली; माशीची मोजदाद कोण ठेवणार?

मागणी साधी आहे. पेटी तूर फुलायच्या तोंडावर द्या, पावसाळ्यातल्या साखरेचा खर्च अनुदानातच धरा, आणि पहिला आषाढ निघेपर्यंत शिकवणारा माणूस गावात येऊ द्या. तोवर पेटीच्या पावतीवर कोणी सही करू नये.