झाडू नको, हक्काचा अर्ज हातात द्या

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे, शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर. नव्या शैक्षणिक धोरणात समाजकार्याला श्रेयांकही आहेत. प्रश्न एवढाच की हे तास जातात कुठे?

बहुतेकदा साफसफाई, वृक्षारोपण आणि फोटोत. झाडू आपल्या समाजाला नवा नाही, पिढ्यान्‌पिढ्या तो आपल्यावर लादलेलाच होता. पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात कंत्राटी आणि बांधकाम कामगारांच्या वस्त्या आहेत. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर राबलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराला कल्याणकारी मंडळात नोंदणीचा हक्क आहे. पण तो ९० दिवसांच्या दाखल्यापाशी आणि ऑनलाइन अर्जापाशी अडतो. तिथे विद्यार्थी हवा. मतदार नोंदणीचा नमुना ६, शिष्यवृत्तीचा अर्ज, हीसुद्धा सेवाच.

याच पट्ट्यात, देहूरोडला, बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिथे वंदनेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडे एवढे तरी मागावे: यंदाचे तास वस्तीतल्या हक्काच्या कामाला द्या.

जय भीम!