एकट्या वाघाचं जंगल

आपल्या होस्टेलमध्ये फुटबॉल म्हटलं की वाद दोनच. एक, मेस्सी की रोनाल्डो. आणि दुसरा, टीव्ही रूमचा रिमोट कुणाकडे! मँचेस्टरसाठी रात्री दीड वाजेपर्यंत जागणारे आणि सकाळी आठच्या लेक्चरला बार्सिलोनाचा टी-शर्ट घालून झोपणारे वीर इथे पैशाला पासरी मिळतील. पण मित्रांनो, आज मी ज्या क्लबबद्दल लिहितोय त्याचा टी-शर्ट आपल्या अख्ख्या कॅम्पसवर कुणाकडे नसेल. हा क्लब मलेशियाचा आहे. नाव जोहोर दारुल ताझिम, थोडक्यात जेडीटी. (मी पडलो कॉन्व्हेंटवाला, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब संपादक मंडळाने सांभाळावा ही विनंती!)

"मलेशियाचा फुटबॉल? तो कोण बघतो रे?" असं माझ्या रूममेटने विचारलंच. बरोबर आहे, फार कोणी बघत नाही. पण एखादी संस्था एका खमक्या माणसाने चालवावी की चार जणांनी मिळून, हा जो प्रश्न आपल्याला मेस कमिटीपासून गॅदरिंगपर्यंत रोज छळतो, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे सापडलं नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी थोडा इतिहास. मलेशियातलं फुटबॉल हे मुळात राज्यांचं फुटबॉल. आपल्याकडे संतोष ट्रॉफीत राज्य विरुद्ध राज्य खेळतं ना, तसंच. १९२१ मध्ये एचएमएस मलाया या ब्रिटिश युद्धनौकेकडून एक चषक भेट मिळाला आणि त्यासाठी तिथली राज्यं एकमेकांशी भिडायला लागली. आज त्याला मलेशिया कप म्हणतात. सेलांगोरने तो ३३ वेळा जिंकलाय, सिंगापूरने २४ वेळा. देशाच्या दक्षिण टोकाला, सिंगापूरच्या समोर, मध्ये फक्त एक चिंचोळी सामुद्रधुनी, असं जे जोहोर राज्य आहे, त्याला मात्र हा चषक पहिल्यांदा मिळायला १९८५ साल उजाडलं. पुढे १९९१ मध्ये त्यांनी लीग आणि कप दोन्ही मारले. आणि मग बराच काळ सामसूम.

२०१२ मध्ये जोहोरचे युवराज तुंकू इस्माईल राज्याच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले. या गृहस्थांचं आपल्याशी एक नातं आहे. ते डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत शिकले, आपल्या ६१ कॅव्हलरी या घोडदळात अधिकारी होते, आणि २६ जानेवारी २००७ ला दिल्लीच्या राजपथावर त्यांनी त्या तुकडीचं नेतृत्व केलं! परदेशी माणसाने प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात भारतीय तुकडीच्या पुढे घोड्यावर बसून जाणं ही त्याआधी न घडलेली गोष्ट होती.

तर अशा फौजी शिस्तीच्या माणसाने काय केलं? राज्यात तेव्हा एकाहून जास्त संघ होते. राज्य संघटनेचा एक, विकास महामंडळाचा एक, शिवाय छोटेमोठे. पैसा आणि खेळाडू सगळीकडे विखुरलेले. त्यांनी ती सगळी शक्ती २०१३ पासून एका छत्राखाली आणली. वरती एक मुख्य संघ, त्याच्या खाली दुसरा संघ, त्याच्याही खाली तरुण मुलांचे संघ. नाव दिलं दारुल ताझिम, जी जोहोर राज्याची जुनी पदवी आहे. टोपणनाव 'दक्षिणेचे वाघ'. दानी गुइझा हा २००८ चा युरो कप जिंकलेला स्पॅनिश फॉरवर्ड आला. मेस्सी ज्याला लहानपणी आदर्श मानायचा तो पाब्लो आयमार आला. आता खरं सांगायचं तर गुइझा काही महिन्यांत परत गेला आणि आयमार दुखापतींमुळे धड खेळलाच नाही. पण जगाला नकाशावर जोहोर कुठंय ते कळलं!

खरं काम शांतपणे झालं. २०१४ मध्ये लीग जिंकली. २०१५ च्या ३१ ऑक्टोबरला ताजिकिस्तानातल्या दुशान्बेमध्ये इस्तिकलोल या संघाला १-० हरवून एएफसी कप जिंकला. आग्नेय आशियातल्या कुठल्याही क्लबला तोपर्यंत हे जमलं नव्हतं. २०२० मध्ये इस्कंदर पुतेरी इथे सुमारे ४० हजार प्रेक्षकांचं नवंकोरं सुलतान इब्राहिम स्टेडियम उघडलं. आणि लीगचं म्हणाल, तर २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत सलग ११ वेळा तेच विजेते! ११ वेळा म्हणजे, आज इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला पोरगा तिसरीत होता तेव्हापासून एकच संघ जिंकतोय.

इथपर्यंत वाचून कुणीही म्हणेल, वा! असाच माणूस पाहिजे. कमिट्या-बिमिट्या सगळ्या बंद करा, एक युवराज आणा.

थांबा. आता दुसऱ्या क्लबची गोष्ट ऐका.

मलेशियाच्या ईशान्येला केलांतान नावाचं राज्य आहे. तुलनेने गरीब, पण फुटबॉलवेडं. त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते अनुअर मूसा, मोठे राजकारणी. त्यांच्याही हातात सगळी सूत्रं, त्यांचाही शब्द शेवटचा. आणि रिझल्ट? २०१२ मध्ये केलांतानने लीग, एफए कप आणि मलेशिया कप, असे तिन्ही एकाच वर्षात जिंकले. २०१३ च्या एफए कपच्या फायनलला समोर कोण होतं? नवा, श्रीमंत जोहोरचा संघ. केलांतान जिंकलं, १-०. गंमत म्हणजे केलांतानला २०१२ चे तिन्ही चषक देणारा क्रोएशियन कोच बोयान होडाक पुढे जोहोरला गेला आणि २०१४ ची लीग त्याच्याच हाताखाली आली!

म्हणजे लॅबच्या भाषेत सांगायचं तर दोन सेटअप, डिझाइन जवळपास सारखं. वर एक माणूस, खाली सगळे. काही काळ तर कोचसुद्धा सेम. मग पुढे काय झालं? केलांतानमध्ये अनुअर मूसा पायउतार झाले आणि पैशाचा झरा आटला. २०१८ मध्ये संघ खालच्या लीगमध्ये घसरला. २०२० मध्ये तो एका व्यावसायिकाला विकला गेला. मध्ये एकदा वर चढला, पण २०२३ च्या सुपर लीगमध्ये तळाला राहिला आणि २०२४ साठी त्याला लायसन्सही मिळालं नाही. तीन चषक उचलल्याला पुरती बारा वर्षंही झाली नव्हती.

आपण सेकंड इयरपासून एक शब्द ऐकतोय, 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'. एक पार्ट गेला की सगळी सिस्टिम बंद. जोहोर आणि केलांतान या दोन्ही सिस्टिममध्ये तो पॉइंट एकच आहे, वरचा माणूस. जोहोरमध्ये तो अजून टिकलाय, केलांतानमध्ये गेला. पार्ट अजून जळला नाही म्हणजे डिझाइन बरोबर आहे असं आपले मशीन डिझाइनचे सर पेपरमध्ये मानतील का? शून्य देतील!

आता रूममेटचा दुसरा मुद्दा. तो म्हणतो, "बाकीचे क्लब झोपा काढतात त्यात जोहोरचा काय दोष?" हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. दोष जोहोरचा नाहीच. राज्य संघटनांकडून काढून क्लब खाजगी कंपन्या करायचे, असा तिथल्या लीगने नियम केला, २०२१ पर्यंतची मुदत दिली. हेतू चांगला होता. पण सरकारी पैशावर पोसलेल्या संघांना बाजारात सोडल्यावर अनेकांची दमछाक झाली. केदाह २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षं लीगमध्ये दुसरा होता. खेळाडूंचे पगार थकले आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी त्याला लायसन्स नाकारलं गेलं. २०१८ चा मलेशिया कप जिंकणारा पेराक २०२५ मध्ये बंद पडला. पहांगचा संघ २०२५ च्या एप्रिलमध्ये मलेशिया कपची फायनल खेळला, जोहोरकडून हरला, आणि थोड्याच आठवड्यांत लीगमधून बाहेर पडला. फायनल खेळलेला संघ! या सगळ्यात जोहोरमधून मात्र पगार थकल्याची बोंब ऐकू येत नाही. मैदान आहे, अकॅडमी आहे, आणि आरिफ ऐमानसारखा घरचा मुलगा देशाचा स्टार होतो. २०२४ च्या जानेवारीत आशियाई कपमध्ये मलेशियाने दक्षिण कोरियाला ३-३ रोखलं, त्यात एक गोल त्याचा आणि अगदी शेवटच्या क्षणीचा गोल जोहोरच्याच रोमेल मोरालेसचा. तेव्हा युवराजांनी काहीच चांगलं केलं नाही असं म्हणणं हा करंटेपणा होईल.

पण दोष नाही म्हणून तोटा नाही असं थोडंच आहे? २०२२ मध्ये जोहोरने देशातलं सगळं जिंकलं. त्याच वर्षी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये कोरियाच्या उल्सानला दोनदा हरवून गटातून पुढे गेले. झकास! आणि मग बाद फेरीत जपानच्या उरावा रेड्सने ०-५ असा धुव्वा उडवला. मला वाटतं याचं एक कारण तरी घरात आहे. वर्षभर सोपे पेपर सोडवणाऱ्याला गेटच्या परीक्षेत घाम फुटणारच. उरावाला जपानमध्ये दर आठवड्याला तोडीस तोड कुणीतरी भेटतं, जोहोरला घरी भेटत नाही. प्रतिस्पर्धी हा क्लबचाच एक भाग असतो. तो मेला की आपलाही एक अवयव सुन्न होतो.

याची उलटी बाजू आपण भारतीयांनी पाहिलीय. बंगळुरू एफसी हा क्लबही २०१३ मध्येच जन्मला, मुंबईच्या जेएसडब्ल्यू उद्योगसमूहाने काढला. २०१६ च्या एएफसी कपमध्ये हा तीन वर्षांचा क्लब सेमीफायनलला गतविजेत्या जोहोरसमोर आला. तिकडे १-१. इकडे १९ ऑक्टोबरला कांतीरवा स्टेडियमवर जोहोरने पहिला गोल मारला, आणि मग छेत्रीचे दोन, हुआननचा एक, ३-१! एएफसी कपच्या फायनलला जाणारा तो पहिला भारतीय क्लब. त्या वर्षी जोहोर हरलं, पण मला वाटतं त्या एका रात्रीने त्यांना घरच्या दहा विजयांपेक्षा जास्त शिकवलं असेल.

आणखी एक गोष्ट मला खटकते. २०१७ मध्ये तुंकू इस्माईल अख्ख्या देशाच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले आणि २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हेतूवर मी शंका घेत नाही. पण ज्याचा स्वतःचा क्लब लीगमध्ये खेळतो तोच सगळ्यांच्या वर बसला, तर हरणाऱ्याने दाद कुणाकडे मागायची? रेफरी कितीही प्रामाणिक असो, त्याने एका टीमची जर्सी घालून शिट्टी वाजवू नये.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जोहोरकडून घ्यायचं असेल तर कारखाना घ्या, सिंहासन नको. वेळेवर पगार, खालपासून वरपर्यंत संघांची शिडी, स्वतःचं मैदान, विखुरलेली ताकद एकत्र आणणं, हे कुणालाही शिकता येतं. युवराज मात्र कॉपी करता येत नाही. तो असतो किंवा नसतो. आणि जे फक्त 'असल्यावर' चालतं त्याला मी संघटना म्हणणार नाही.

आता आपल्या घरात या. आपल्या होस्टेलच्या टीमला कुठला राजा नाही, पण एक फायनल इयरचा सिनिअर आहे. बॉल त्याच्या कपाटात, ग्राउंडची परवानगी त्याच्या ओळखीने, वर्गणी त्याच्या फोनवर, टीम त्याच्या डोक्यात. माणूस सोन्यासारखा आहे, त्याच्यामुळेच आपण इंटर-हॉस्टेल फायनलपर्यंत गेलो. पण मे महिन्यात तो जाणार. मग? प्रत्येक होस्टेलमध्ये अशी एक तरी फाटकी नेट असते, जी कुठल्यातरी जुन्या सिनिअरच्या काळात नवी होती.

तेव्हा तो इथे असतानाच तीन कामं उरकून घेऊ. एक, वर्गणी आणि सामानाची एक साधी वही, जी रेक्टर सरांच्या ऑफिसात राहील आणि कुणालाही उघडून बघता येईल. दोन, दर वर्षी सेकंड इयरमधून दोन जण निवडायचे, जे कॅप्टनच्या बरोबरीने सगळं शिकतील. आणि तीन, समोरच्या ब्लॉकच्या पोरांकडे धड बॉल नसेल तर आपला एक त्यांना द्यायचा. हो, द्यायचाच! ते बरे खेळले तरच आपला सराव होईल.

सिनिअरशी मी बोललोय. तो हसून म्हणाला, "वही तू आण, पहिली नोंद मी करतो." वही आणलीय. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता ग्राउंडवर या.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी